दोन मीटर धाग्याचे सर

आमच्या सरांना पुस्तकातल्या डीएनएच्या चित्राचा मनापासून राग होता. ती पिळदार शिडी, अर्धी लाल, अर्धी निळी, पांढऱ्या कागदावर सरळ उभी. हे चित्र कुठंही दिसलं, पाठ्यपुस्तकात, दवाखान्याच्या भिंतीवर, अगदी केसांच्या तेलाच्या बाटलीवर, की सर थांबायचे आणि जो कोणी जवळ असेल त्याला विचारायचे, "असा ताठ उभा पाहिला का कोनी याले? थो काय झेंडावंदनाले आला हाय? अरे, थो पेशीत लोळत असते. अन् एक मिनिट चुप बसत नाई." जवळचा माणूस बहुधा खोकल्याचं औषध घ्यायला आलेला असे. तो मान हलवून निघून जाई आणि सर माझ्याकडे वळून म्हणत, "याले पटलं."

ते अमरावतीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. मूळचे अचलपूरचे. पीएच.डी.साठी काही वर्षं पुण्यात काढली होती, पण भाषेवर पुण्याचा ओरखडासुद्धा उमटू दिला नव्हता. मुंबईला व्याख्यानाला गेले तरी फळ्यासमोर उभे राहून म्हणायचे, "आता हा रेणू कोनीकडे जाईन, त्याले मालूम नाई अन् मलेबी नाई." तरुणपणी त्यांनी रबरावर काम केलं होतं. रबर म्हणजे लांबच लांब रेणूंचा गुंता. असे रेणू गर्दीत कसे हलतात, ताणल्यावर का आखडतात, एकमेकांत किती अडकतात, याचं एक अख्खं शास्त्र आहे आणि ते सरांना तोंडपाठ होतं. पन्नाशीपर्यंत ते रबरावर सुखी होते.

मग कॉलेजात एक चर्चासत्र झालं. प्राणिशास्त्राच्या मॅडम बोलत होत्या. माणसाच्या एकेका पेशीत सुमारे दोन मीटर लांबीचा धागा असतो आणि तो डोळ्यांना न दिसणाऱ्या केंद्रकात मावलेला असतो, एवढं सांगून त्या पुढच्या चित्राकडे वळल्या. सर उभे राहिले.

"मॅडम, मंग त्याचा गुंता कावून होत नाई?"

मॅडम म्हणाल्या, तो प्रथिनांवर नीट गुंडाळलेला असतो, त्यालाच क्रोमॅटिन म्हणतात.

"गुंडाळलेला असंन. पन गुंडाळलेलाबी धागाच हाय ना? पेशीच्या दोन पेशी होतात तवा हे सारं सुटं कसं होते?"

मॅडमना जेवणाच्या सुट्टीची घाई होती. "निसर्गाची किमया आहे सर," म्हणून त्यांनी विषय संपवला. त्यांच्या दृष्टीनं संपवला. सरांचा तिथून सुरू झाला. घरी येऊन ते त्यांच्या पत्नीला, म्हणजे आमच्या काकूंना, म्हणाले म्हणे, "किमया म्हनते. म्हंजे कोनालेच मालूम नाई." आणि त्या दिवशी ते पोटभर जेवले.

नाड्यांचं वेड त्यानंतरचं. पायजम्यात घालतात तो सुती गोल नाडा सरांना फार योग्य वाटे. धागा म्हणायला जाड, दोर म्हणायला बारीक, आणि गाठ पडली की लांबूनही दिसणार. इतवारा बाजारातल्या एका दुकानातून त्यांनी आधी दहा मीटर नेला, आठ दिवसांनी वीस मीटर, मग पुन्हा वीस. शेवटी दुकानदारानं विचारलंच, "सर, घरी मानसं किती हायत तुमच्या?" सर म्हणाले, "दोघंच. पन गुंता लय हाय."

प्रयोग साधा होता. नाड्याचे कमी-जास्त लांबीचे तुकडे करायचे, एकेक तुकडा स्टीलच्या डब्यात टाकायचा, झाकण लावून डबा हलवायचा आणि उघडून गाठी मोजायच्या. पण हातानं हलवलं की दर वेळी वेगळं हलायचं. तेव्हा सरांना एस.टी. आठवली आणि माझी त्यांच्याशी ओळख झाली.

मी तेव्हा एम.एस्सी.ला होते. आमची वलगावला वांगी-टमाट्यांची बागायत, मी रोज बसनं ये-जा करायची. एका संध्याकाळी सरांनी मला व्हरांड्यात अडवलं. "तू वलगावची ना? हा डबा घेऊन जा. उद्या घेऊन येजो. उघडू नोको." बसमध्ये मी तो डबा मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर रोजचा, ओळखीचा. म्हणाला, "आज डबा खाल्ला नाई का वं? काय हाय त्यात?"

"नाडा हाय."

"कोनाचा?"

"सरांचा."

सगळी बस हसली. त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी त्या बसमध्ये नाडेवाली म्हणून ओळखली गेले. आमच्या आईला मात्र यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. कॉलेजातला मास्तर पोरीच्या हाती आपला नाडा देतो म्हणजे काय, हे बघून या, असं तिनं बाबांना सांगितलं. बाबा चांगले तावातावानं गेले. सरांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि दीड तास पेशीतला धागा समजावून सांगितला. बाबा घरी येऊन म्हणाले, "मानूस बरा हाय. थोडासा सरकेल हाय, पन बरा हाय." दुसऱ्या दिवसापासून ते स्वतः मला बसस्टँडवर सोडताना विचारायचे, डबा घेतला का.

अमरावती ते अचलपूरला लागूनच असलेलं परतवाडा हा रस्ता सरांनी गाठींच्या हिशोबानं पाठ केला होता. अचलपूरला जाताना प्रत्येक थांब्यावर ते डबा उघडून बघत. आखूड नाड्याला गाठ पडत नसे, लांब नाड्याला पडल्याशिवाय राहत नसे, रस्ता डांबरी असो की खड्ड्यांचा. पण तोच लांब नाडा जागोजागी दुमडून, दोऱ्यानं लहान लहान लूप बांधून डब्यात टाकला, तर तो परतवाड्यापर्यंत बिनगाठीचा पोचायचा. हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा सरांनी भर बसमध्ये शेजारच्या म्हाताऱ्या बाईला तो नाडा दाखवला. "पेशीबी असंच करत असंन," ते म्हणाले. बाई म्हणाली, "करत असंन बापा." प्राणिशास्त्राच्या मॅडमच्या कानावर हे गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, पेशी म्हणजे तुमचा पायजमा नव्हे." सरांनी हे वाक्य आनंदानं सगळ्या वर्गांत सांगितलं.

"गरम हाय तं हालंन" हे त्यांचं आवडतं बोलणं. निरपेक्ष शून्याच्या वर तापमान असलेली प्रत्येक गोष्ट हलते, पेशीतला धागाही त्यामुळेच सतत हलत असतो, एवढाच त्याचा अर्थ. पण सर ते कुठंही वापरायचे. वर्गात पोरं चुळबुळ करू लागली की इतर प्राध्यापक ओरडत. सर म्हणत, "हालू द्या. गरम हाय तं हालंन." मे महिन्यात अमरावतीच्या उन्हात कूलरसमोर बसून पाय हलवत असायचे, काकू म्हणायच्या, पाय हलवू नये, बरं दिसत नाही, तर त्यांनाही हेच उत्तर. काकूंना त्या उत्तराचा इतका कंटाळा आला होता की त्या बोलायच्याच बंद झाल्या. घरात मूलबाळ नव्हतं. मी पीएच.डी.साठी सरांकडे नाव नोंदवलं त्या दिवशी काकूंनी मला सांगितलं, "आता हे सारं तुले सांगतीन. मी सुटली."

पीएच.डी.त आम्ही नाड्यावरून संगणकावर आलो. संगणकात आमचं क्रोमॅटिन म्हणजे मण्यांची माळ. शेजारशेजारच्या दोन मण्यांत एक स्प्रिंग. दोन मणी एका जागी बसणार नाहीत असा नियम, म्हणजे धागा धाग्यातून आरपार जाणार नाही. आणि प्रत्येक मण्याला चहूकडून सतत बारीक धक्के, कारण पेशी गरम आहे. मग संगणकानं एकेक पाऊल टाकत पुढं काय होतं ते काढत जायचं. पाऊल म्हणजे वेळेचा अगदी बारीक तुकडा. पाऊल लहान ठेवलं की उत्तर भरवशाचं, पण काम दिवसेंदिवस चालतं. पाऊल मोठं केलं की काम झटपट, पण मणी एका उडीत शेजारच्या धाग्याच्या पलीकडे जाऊन पडायची भीती. वाटेत धागा आडवा आहे हे त्याला कळेपर्यंत तो पार झालेला असतो.

म्हणून सरांनी एक वही ठेवली होती. लाल पुठ्ठ्याची दोनशे पानी वही. संगणकाच्या प्रोग्राममधला कुठलाही आकडा बदलायचा असेल तर आधी वहीत लिहायचं, काय बदललं, का बदललं, खाली सही, आणि मगच कीबोर्डला हात लावायचा. "आधी वही, मंग बोट," ते म्हणायचे. त्यांना स्वतःलाही यातून सूट नव्हती. नवं काही सुरू करताना ते आधी मोठं पाऊल घेऊन घाईघाईनं चाचणी करत, नुसतं यंत्र चालतं की अडतं ते बघायला. वहीत लिहीत, "चाचणी, पाऊल मोठं." चाचणी झाली की पुन्हा लहान करत आणि लिहीत, "पाऊल पूर्ववत केलं." सही.

या वहीमागे आणखी एक कारण होतं, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. अचलपूरला त्यांचे थोरले भाऊ होते, शाळेचे मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. मोठा शिस्तीचा माणूस. त्यांची आठवण हळूहळू गेली. शेवटी ते आपल्याच घराच्या दारात उभे राहून हे कोणाचं घर म्हणून विचारायचे. सर दर महिन्याला त्यांना भेटायला जायचे. "दादाचं कसं सुरू झालं मालूम हाय?" सर म्हणाले. "डायरीत लिहित की बिल भरलं, पत्र टाकलं. अन् पत्र टेबलावरच पडेल राहे. लिहिलं म्हंजे केलं, असं वाटे त्यायले." मग त्यांनी वही बंद करून कपाटात ठेवली आणि आम्ही दुसरं काही बोलायला लागलो.

आता मला माझी गोष्ट सांगायची आहे.

आमचं मुख्य काम होतं ते असं. दोन माळा एकमेकींत गुंतलेल्या ठेवायच्या, त्यांच्यात नाड्यासारखे लूप पाडत जायचे आणि त्या सुट्या होतात का ते बघायचं. खऱ्या पेशीत एक प्रथिन असतं, ते कैचीसारखं एक धागा कापतं, दुसरा त्यातून पार करतं आणि कापलेला पुन्हा जोडतं. गुंता सुटायला ही कैची लागतेच, असं सगळे म्हणायचे. सरांना बघायचं होतं, नुसत्या लूपनं किती सुटतं. त्यांनी चाचणी केली, पाऊल पूर्ववत केलं, वहीत लिहिलं, खरं काम सुरू केलं आणि दादांची तब्येत बिघडल्याचा फोन आला म्हणून काकूंना घेऊन अचलपूरला गेले. निवृत्तीनंतर सरांनी घरीच मांडलेला तो संगणक बारा दिवस चालणार होता. वीज गेली तर इन्व्हर्टर बघायला मी तिथं हवी होते. आणि पाच दिवसांनी अकोल्याला माझ्या मावसबहिणीचं लग्न होतं.

मी काम थांबवलं, पाऊल सरांच्या चाचणीएवढं मोठं केलं आणि पुन्हा सुरू केलं. चाचणी तर नीट चालली होती, काय होतंय, असा विचार केला. वही कपाटात होती, दोन हातांवर. म्हटलं, परत आल्यावर लिहू. काम चार दिवसांत आटोपलं, मी लग्नाला गेले, मेंदी काढली, नाचले. परत आले तेव्हा सर अजून अचलपूरलाच होते. मी उत्तर उघडून बघितलं, तर दोन्ही माळा सुट्या झाल्या होत्या. एक इकडे, एक तिकडे. कैचीशिवाय.

सर पंधरा दिवसांनी आले आणि ते चित्र बघून खुर्चीत बसले. नंतर उठले, पुन्हा बसले. त्यांच्या आयुष्याच्या प्रश्नाला उत्तर मिळालं होतं. ते बघून मला वहीचं बोलावंसं वाटलं नाही. आम्ही शोधनिबंध लिहिला, परदेशातल्या एका चांगल्या नियतकालिकानं तो घेतला. निवृत्त होऊन तीन वर्षं झालेल्या, आयुष्यभर वऱ्हाडात राहिलेल्या माणसाचं नाव तिथं छापून आलं. सरांनी अख्ख्या विभागाला दह्यात भिजवलेला गिला वडा खाऊ घातला. प्राणिशास्त्राच्या मॅडम स्वतः येऊन म्हणाल्या, "सर, मी पायजम्याचे शब्द मागं घेते." सर त्या दिवशी लाजले होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

चार महिन्यांनी त्यांना कुठंतरी बोलायचं होतं. त्यासाठी त्यांनी माळांची चित्रं ओळीनं छापून घेतली आणि सवयीप्रमाणे पेन्सिल घेऊन एकेक धागा बोटानं धरत गेले. दुपारी मला हाक मारली. "हे पाह्य. इथं लाल धागा निळ्याच्या वरून जाऊन रायला. अन् पुढच्या चित्रात निळ्याच्या खालून. टोकं तं दोन्ही दूर हायत. मंग हा खाली गेला कसा?"

मला त्याच क्षणी कळलं. गुंता लूपनं सुटलाच नव्हता. मोठ्या पावलांमुळे धागे एकमेकांतून भुतासारखे पार झाले होते.

सरांनी संगणकावर आकडा पाहिला. मोठं पाऊल. मग कपाटातून वही काढली. त्यांच्या अक्षरात लिहिलेलं होतं, "पाऊल पूर्ववत केलं." खाली त्यांची सही. त्यानंतर काही नाही. ते त्या ओळीवरून बोट फिरवत राहिले. "लिहिलं तं हाय म्या," ते म्हणाले. "लिहिलं, अन् केलं नाई." थोड्या वेळानं पुन्हा तेच म्हणाले, हळू.

मी समोर उभी होते. पुढच्या आठवड्यात अकोल्याच्या एका कॉलेजात माझी मुलाखत होती आणि अर्जात तो निबंध सगळ्यात वर होता. उद्या सांगू, असं मी ठरवलं. उलट त्या दिवशी मी एक भलतीच गोष्ट सुचवली. म्हटलं, "सर, पेशीत कैची असतेच ना? आपण कैची गृहीत धरली होती असं म्हनू. चित्रं तीच ठेवू, निष्कर्ष बदलू." सरांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. "कैची ठेवली असती तं ठेवली असं लिहिलं असतं. आपल्याले ठाऊकच नव्हतं धागा पार होऊन रायला ते. आता मागून कैची आनायची का?"

त्यांनी निबंध मागं घेण्याचं पत्र तयार केलं. चूक पूर्णपणे माझी आहे, माझ्या विद्यार्थिनीचा तीत काहीही भाग नाही, असं त्यात होतं. टाइप करायला त्यांनी मला दिलं. मी केलं, एकही अक्षर न चुकता.

अकोल्याची नोकरी मला मिळाली. वर्षभरानं लहान पावलांनी सगळं काम पुन्हा करून मी प्रबंध दिला. खरं उत्तर असं होतं की नुसत्या लूपनं थोडंच सुटतं, आणि तेही फार वेळ घेऊन. बरोबर होतं, पण त्यासाठी कोणी गिला वडा वाटला नसता. मार्गदर्शक म्हणून सरांनी सही केली. संगणकाला मात्र त्यांनी त्यानंतर हात लावला नाही. घरचा संगणक कॉलेजला देऊन टाकला. मी विचारलं तर म्हणाले, "झालं आता."

मी समजले की सरांना सगळं ठाऊक आहे. ते कळून त्यांनी माझी चूक आपल्या अंगावर घेतली आणि मला वाचवलं, असं मला वाटलं. वाटलं म्हणजे मी तसं वाटवून घेतलं. हळूहळू मला ती गोष्ट आवडायला लागली. दर शिक्षकदिनाला मी ती अकोल्यात माझ्या वर्गात सांगायची, आपलं नाव न घेता: एका विद्यार्थिनीची चूक, एका गुरूचं मोठेपण. मुली डोळे पुसायच्या. वर्षातून दोन-तीनदा अमरावतीला जायची तेव्हा सरांच्या नव्या तऱ्हा दिसायच्या. खिशात चिठ्ठ्या. गॅसच्या शेगडीवर चिकटवलेला कागद, "बंद केला का?" स्कूटर विकून टाकलेली. बाहेर निघताना कुलूप चार वेळा ओढून बघायचे. मी हसायची. म्हणायची, सर, आता घराचीबी वही ठेवा. तेही हसायचे.

गेल्या हिवाळ्यात सरांची पंचाहत्तरी झाली. घरीच छोटा कार्यक्रम होता, जुने विद्यार्थी, शेजारी, प्राणिशास्त्राच्या मॅडमही काठी टेकत आल्या होत्या. मला चार शब्द बोलायचे होते आणि काय बोलायचं ते मी ठरवून आले होते. या वेळी नाव घेऊन सांगायचं. मी तासभर आधी पोचले. सर बैठकीत नवा सदरा घालून बसले होते. मी त्यांच्याजवळ बसून म्हटलं, "सर, आज मी ती पावलाची गोष्ट सांगनार हाय. चालते ना?"

"कोनती?"

"आपल्या निबंधाची. मी पाऊल वाढवलं अन् तुमी सोतावर घेतलं, ते."

सर माझ्याकडे बघत राहिले. मी अजून हसतच होते.

"तू वाढवलं?"

"तुमाले मालूम होतं ना सर."

ते दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून जरा पुढं झाले. "म्हंजे म्या पूर्ववत केलं होतं?"

"हो."

"लिहिलं होतं, अन् केलंबी होतं."

"हो सर. तुमी गेल्यावर मी बदललं. मले लग्नाले जायचं होतं."

सर उठून उभे राहिले आणि आतल्या दाराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली. "अवं, ऐकलं का? इकडे ये." काकू पिठाचे हात घेऊन आल्या. "थे चूक माह्यी नव्हती. म्या केलं होतं बराबर. हिनं बदललं मंग. माह्यं डोकं ठीक होतं."

त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला तिकडे बघवेना. मग ते माझ्याकडे वळून, मी नवखी असल्यासारखं, मोठ्या उत्साहानं सांगायला लागले. "मले वाटलं, दादासारखं सुरू झालं. लिहिलं अन् केलं नाई, म्हंजे तेच ना? म्हनून म्या हात लावनंच सोडून देलं. म्हटलं, आता आपल्यावर भरोसा ठेवायचा नाई. लोकायचं नुसकान व्हायचं." मी माफी मागितली. दोनदा मागितली. ती त्यांच्या कानांवर गेली की नाही कोण जाणे. ते इतके खुशीत होते.

मी काकूंच्या मागं स्वयंपाकघरात गेले. त्या पुऱ्या लाटत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बारा वर्सं नुसते भेत होते, बाई. रोज मले विचारत, मी काही इसरलो का आज. मी म्हनायची, नाई." लाटलेली पुरी त्यांनी बाजूला ठेवली. "आता सालभरापासून मातर खरंच इसरून रायले."

कार्यक्रमात मी जे झालं ते सांगितलं, चार वाक्यांत, काही न सजवता. प्राणिशास्त्राच्या मॅडमनी मान खाली घातली. एकटे सर टाळ्या वाजवत होते.

निघताना ते फाटकापर्यंत आले. "तुह्या कॉलेजात संगनक मोकळा असते का कोन्या दिवशी?" त्यांनी विचारलं. त्या लूपच्या कामात एक गोष्ट राहून गेली होती, लूप स्थिर न ठेवता सरकत ठेवले तर काय होईल ती, आणि ती बारा वर्षं त्यांच्या डोक्यात होती.

"शनिवारी असते सर."

"मंग शनिवारी येतो. अकोल्याची पहिली बस किती वाजता हाय?"

"सहाले."

सरकत्या लूपचं ते पाच मिनिटं बोलले. बोटांनी हवेत दाखवत, अगदी स्पष्ट, एकही पायरी न चुकवता. मला अर्धं तिथल्या तिथं समजलं, अर्ध्यासाठी वही लागली असती. मग थांबले, फाटकाची कडी ओढून बघितली.

"मंग येतो शनिवारी," ते म्हणाले. "अकोल्याची पहिली बस किती वाजता हाय?"

"सहाले, सर," मी म्हटलं.